दोन दिसतात म्हणून लगेच ऑपरेशन नको

बेळगावात वडगाव-शहापूरकडे मागावर बसणाऱ्या माणसाला सकाळी नीट दिसणारा धागा दिवेलागणीला दोन दिसू लागला, की तो आधी चष्म्याचं दुकान गाठतो. त्याआधी घरीच एकेक डोळा झाकून बघावा. कुठलाही झाकला तरी दुसरा धागा गायब होत असेल, तर चूक नंबरात नाही, दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात. त्यांची जुळणी बिघडवणारा एक आजार म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिस. त्यात शरीराचीच प्रतिपिंडं मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे घाला घालतात. ॲसिटिलकोलीन हे रसायन निरोप आणतं, पण तो घेणाऱ्या जागाच कमी पडतात. ताजा स्नायू निभावून नेतो, वापरून थकतो. म्हणून त्रास संध्याकाळी जास्त, पापणीही उतरते. तिच्यावर दोन मिनिटं बर्फ धरला की अनेकदा ती वर येते. इतकी स्वस्त तपासणी वैद्यकात क्वचितच सापडेल.

घरचे म्हणतात, ‘एकदाचं ऑपरेशन करून टाका की हो!’ पण तिरळेपणा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच भरत असेल, तर सर्जनने माप कुठलं धरायचं? म्हणून आधी ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, गरजेप्रमाणे स्टेरॉइड. माप निदान सहा महिने स्थिर राहिलं, तरच शस्त्रक्रियेचा विचार. तोवर चष्म्याच्या काचेवर चिकटवायचा, दोन प्रतिमा जुळवणारा प्रिझम, नाहीतर एका काचेवर सरळ चिकटपट्टी. दिसायला बरं नाही, पण जिन्याच्या पायऱ्या तरी दुप्पट होत नाहीत.

शस्त्रक्रिया डोळ्याच्या आत होत नाही. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. तो सोडवून थोडा मागे शिवला की ओढ कमी होते. दुसरा आखूड करून ओढ वाढवता येते. कधी टाका सरकता ठेवतात आणि रुग्ण शुद्धीवर आला की ‘आता किती दिसतात?’ विचारून गाठ पक्की करतात. समोर आणि खाली बघताना एकच दिसलं, तर ऑपरेशन जमलं. अगदी कडेला बघताना दोन दिसू शकतात. मागवाल्याला खालची नजर महत्त्वाची, हे त्याने आधीच सांगावं.

मूळ आजार मात्र तसाच राहतो आणि गोळ्याही बहुधा चालू राहतात. स्नायू सैल करणारी काही औषधं या रुग्णांना जास्त चढतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आधीच कळायला हवा. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकानेही त्रास वाढू शकतो. तेव्हा निपाणीत किंवा खानापुरात साध्या तापाचं इंजेक्शन घेतानाही आजाराचं नाव आधी सांगा. गिळायला किंवा श्वासाला जड वाटू लागलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा.