थरांच्या धनुष्याचा साचा: वळणाआधी काटकोन

मॅपलसारख्या लाकडाच्या दोन-तीन पातळ पट्ट्या आणि त्यांच्या पाठीपोटाला (पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू, पोट म्हणजे धनुर्धराकडची) फायबरग्लास, असे चार-पाच थर साच्यात दाबून इपॉक्सीने चिकटवले की आधुनिक रिकर्व्ह, म्हणजे टोकं लक्ष्याकडे वळलेल्या धनुष्याच्या भुजा तयार होतात. एकेकटी पट्टी हाताने सहज वाकते आणि सोडली की सरळ होते. चिकटवलेले थर मात्र एकमेकांवर सरकू शकत नाहीत, म्हणून ते वाकलेलेच राहतात. सारख्या जाडीचे चार थर असतील तर साच्यातून काढल्यावर ते दिलेल्या वाकाच्या साधारण सोळाव्या हिश्शाइतकेच मागे फिरतात (थरांच्या संख्येच्या वर्गाने भागायचं). साच्याचं वळण धनुष्यात टिकतं ते यामुळेच. पण मग साच्याची चूकही टिकते.

६० इंची, म्हणजे सुमारे १५२ सेमी लांबीचं एकसंध रिकर्व्ह डोळ्यापुढे ठेवू. धनुष्याची पाठ खाली करून थर साच्यावर बसतात, मधे मुठीचा ठोकळा येतो आणि त्यावर पोटाकडचे थर. पट्ट्या ५० मिमी रुंद असतील तर १८ मिमी प्लायवुडचे तीन थर जोडून ५४ मिमी रुंदीचा साचा पुरतो. एमडीएफ (लाकडाच्या भुश्शाचा दाबलेला तक्ता) गुळगुळीत मिळतो हे खरं, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या कडा ओल पिऊन फुगतात. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय महाग पडलं तरी तेच घ्यावं, कारण साच्याला पुढे उष्णताही सोसायची असते. वळणाखाली कुठेही किमान १२ सेमी भरीव लाकूड राहू द्या.

आधी ६ मिमी एमडीएफचा फर्मा कापायचा, तोही मध्यरेषेपासून एकाच भुजेचा. तोच उलटा करून दुसरी बाजू आखली की दोन्ही भुजा आपोआप जुळतात. वळण आखायला खिळ्यांना टेकवून वाकवलेली लाकडी चीप वापरा. फर्म्याची कड घासून झाली की डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

इथे बहुतेकांचा हात घाईने चुकतो. तिन्ही थर आधी चिकटवून जिगसॉने एकदम कापले तर जाड लाकडात पातं वाकतं आणि काप तिरका जातो. त्यापेक्षा एकच थर रेषेच्या २ मिमी बाहेरून कापा, त्यावर फर्मा ठोका आणि राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड तासणारं यंत्र, ट्रिमिंग बिट लावून फिरवा; बिटवरचं बेअरिंग फर्म्याला टेकून चालतं. मग दुसरा थर चिकटवून पहिल्याच्या आधाराने, तिसरा दुसऱ्याच्या आधाराने. राऊटरचा तळ सपाट पृष्ठावर टेकलेला असल्याने काटकोन यंत्रच सांभाळतं. टोकाकडच्या तीव्र उतारावर प्लायचे पापुद्रे उडतात. तिथे एका फेरीत १ मिमीपेक्षा जास्त काढू नका.

आता दर ५ सेमीवर आडवा गुण्या लावायचा. ५० मिमी रुंदीत अर्धा मिमी कल म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त पीळ. लांबीच्या दिशेने वळण जरा इकडेतिकडे झालं तर धनुष्याचा स्वभाव थोडा बदलतो, एवढंच. आडवा कल राहिला तर भुजेचं टोक एका अंगाला तोंड करतं आणि दोरी खाचेतून निसटायला बघते. म्हणून वळणापेक्षा काटकोनाला जास्त वेळ द्यावा, असं आमचं मत.

उरलेले उंचवटे शोधायला पृष्ठभागावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघोट्या मारा आणि ४० सेमी लांबीच्या लवचिक पट्टीला सँडपेपर चिकटवून घासा. रेघोट्या आधी जातात तिथे उंचवटा, राहतात तिथे खळगा. छोटा ठोकळा खळग्यातही उतरतो आणि कडा गोल करतो, त्यामुळे तो नकोच. खळगे गाडीच्या पुट्टीने भरा, पॉलियुरेथेनचे दोन हात द्या, २२० नंबरने घासा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. इपॉक्सी तिला धरत नाही. मात्र तिची एक सुरकुतीही फायबरग्लासवर ठसा सोडते. काही जण साच्यावर २ मिमी रबर लावतात. लावायचं तर फर्मा तेवढा आत आखावा लागतो. वाकडा पृष्ठभाग झाकायला रबर लावण्यात अर्थ नाही.

आतापर्यंतचा झाला साच्याचा खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा भाग त्यावर बसतो आणि दोन्हींच्या मधे थरांवर हवेची नळी असते, ती फुगवली की थर दाबले जातात. हा वरचा भाग खालच्याच फर्म्याने आखणं ही दुसरी मोठी चूक. पट्ट्या आणि नळी मावावी म्हणून तेच वळण २० मिमी वर सरकवलं, तर सपाट जागी फट २० मिमी राहते, पण ४५ अंशांच्या उतारावर ती पृष्ठभागाला काटकोनात मोजल्यास १४ मिमीच भरते. नळी नेमकी टोकाशी अडकते. त्याऐवजी योग्य मापाचा वॉशर खालच्या वळणावरून घरंगळवत नेऊन त्याच्या भोकातली पेन्सिल चालवा. फट सगळीकडे सारखी येते. मधे मात्र मुठीच्या ठोकळ्याची उंची वेगळी धरावी लागते.

नळीत ४ बार हवा भरली की ५ × १५२ सेमी क्षेत्रावर सुमारे ३ टन जोर येतो, आणि तो सगळा दोन अर्धे जोडणाऱ्या बोल्टांवर. बोल्ट आवळल्याशिवाय हवा भरू नये आणि भरताना नळीच्या टोकासमोर उभं राहू नये. ओला इपॉक्सी वंगणासारखा वागतो, दाब येताच पट्ट्या बाजूला घसरतात. साच्यावरची मध्यरेषा ठळक हवी आणि बाजूंना रोध हवेत.

उष्णतेने घट्ट होणारा इपॉक्सी असेल तर हवेचं तापमान पाहून फसू नका. लाकडातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे साच्याकडचा सांधा बराच वेळ थंड राहतो. तापमापीचं टोक तिथेच, खालच्या थराशेजारी ठेवा आणि डब्यावरचे तास तिथलं तापमान चढल्यापासून मोजा.

चिकटवण्याआधी एकदा सगळं कोरडं रचून २ बार हवा भरा. मुठीचा ठोकळा जिथे कागदासारखा पातळ होत थरांत मिसळतो, तिथल्या सांध्यात ०.०५ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ धातूची पट्टी) घालून पाहा. ती आत शिरली तर ठोकळा अजून घासायचा आहे. तिथे इपॉक्सीचा जाड थर राहिला तर भुजा सुटायला सुरुवात तिथूनच होते.