टाइप वन की टाइप टू हे नंतर. आधी कोलॅजेनची वेणी शाबूत आहे का ते बघा

‘टाइप वन त्वचेसाठी, टाइप टू सांध्यांसाठी.’ कोलॅजेनचा, म्हणजे त्वचा-हाडं-सांध्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा, विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य सांगतंच, आणि त्याच्या भरवशावर लोक सहा-सहा महिने भलतीच वस्तू घेत राहतात. शरीरातल्या कोलॅजेनबद्दल ते वाक्य बरोबर आहे. २८ प्रकारांपैकी त्वचा, हाडं आणि टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) मुख्यतः टाइप वन असतं, सांध्यांच्या कूर्चेत टाइप टू, आणि त्वचेत, रक्तवाहिन्यांत टाइप वनच्या जोडीला टाइप थ्री. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. शरीराचं हे वर्गीकरण जसंच्या तसं विकतच्या कोलॅजेन सप्लिमेंटच्या डब्याला लावलं की घोळ सुरू होतो.

कारण कोलॅजेन या एकाच नावाखाली दोन पार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक हायड्रोलाइज्ड कोलॅजेन, म्हणजेच कोलॅजेन पेप्टाइड. दुसरं अनडिनेचर्ड, म्हणजे मूळ रचना न मोडलेलं, टाइप टू कोलॅजेन.

कोलॅजेनचा मूळ रेणू म्हणजे प्रथिनाच्या तीन साखळ्यांची घट्ट तिपेडी वेणी. ती पाण्यात उकळली की पेड सुटतात आणि जिलेटिन मिळतं. सुटलेल्या पेडांचे एन्झाइमने बारीक तुकडे केले की झाले पेप्टाइड. मूळ रेणूचं वजन सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), तर विकतच्या पेप्टाइडचं बहुधा दोन ते पाच हजार. हा फरक डोळ्यांनीही दिसतो. जिलेटिनचं पाणी गार झालं की थिजतं. पेप्टाइडची पूड गार पाण्यातही ढवळली की विरघळते आणि रात्रभर ठेवली तरी पाणी पातळच राहतं.

हे पेप्टाइड पोटात गेले की आणखी तुटतात. बराचसा भाग सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात शोषला जातो. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनच्या जोडीसारखे काही चिमुकले तुकडे तसेच रक्तात पोचतात, आणि ते पेशींना नवं कोलॅजेन तयार करण्याचा इशारा देत असावेत असं मानलं जातं. इतका भुगा झाल्यावर तो मुळात टाइप वनचा होता की थ्रीचा, याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून ‘पाच प्रकारचं कोलॅजेन एकाच डब्यात’ अशा जाहिरातीसाठी जास्तीचे पैसे मोजलेले मला पाहवत नाहीत. मासा की गाय हा प्रश्नही ॲलर्जी आणि आहाराच्या पथ्यापुरताच ठेवावा.

अनडिनेचर्ड टाइप टूचं गणितच निराळं. ते बहुधा कोंबडीच्या छातीच्या हाडाच्या कूर्चेपासून, कमी तापमानात, वेणी न उसवता बनवतात. ते शरीराला कच्चा माल म्हणून द्यायचं नसतं. लहान आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅच नावाच्या प्रतिकारशक्तीच्या चौक्या असतात. शाबूत वेणीचा आकार तिथे ओळखला जातो आणि ‘हे आपलंच आहे, यावर हल्ला नको’ असं वळण प्रतिकारक पेशींना लागतं, अशी त्यामागची कल्पना. याला ओरल टॉलरन्स म्हणतात. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या (यात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर हल्ला करते) ६० रुग्णांवरचा असा प्रयोग छापून आला, तेव्हा डोस एक मिलिग्रॅमहूनही कमी होता. पुढच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आले. २०१६ मध्ये गुडघेदुखीच्या १९१ जणांवर १८० दिवस चाललेल्या चाचणीत रोजचे ४० मिलिग्रॅम हे सांध्यांसाठी नेहमी घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या जोडीपेक्षा सरस ठरले.

आता आकडे शेजारी ठेवा. पेप्टाइडचा नेहमीचा डोस त्वचेसाठी अडीच ते दहा ग्रॅम, सांध्यांसाठी साधारण दहा ग्रॅम. अनडिनेचर्डचा ४० मिलिग्रॅम. म्हणजे अडीचशे पटींचा फरक, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी योग्य.

माझी एक मैत्रीण नेमकी इथेच फसली. ती गुडघ्यासाठी ४० मिलिग्रॅमची अनडिनेचर्डची कॅप्सूल घेत होती. कुठेतरी ‘कोलॅजेन दहा ग्रॅम हवं’ असं वाचलं, आपण फारच कमी घेतोय असं वाटलं, आणि तिने दुसरी बाटली आणली. पुढे मोठ्या अक्षरांत ‘टाइप टू, ५०० मिलिग्रॅम’. मी बाटली फिरवली, तर मागे बारीक अक्षरांत ‘हायड्रोलाइज्ड’. म्हणजे वेणी मोडलेली, त्यामुळे ओरल टॉलरन्सच्या पद्धतीने उपयोग नाही. आणि पेप्टाइड म्हणून दहा ग्रॅम गाठायचे तर दिवसाला वीस कॅप्सूल. नुसतं ‘टाइप टू’ लिहिलं म्हणजे ते अनडिनेचर्ड असतं असं नाही. तो शब्द, किंवा ‘नेटिव्ह’, लेबलवर स्पष्ट दिसला पाहिजे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘व्हेज कोलॅजेन’ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्लं असतात. वनस्पतीत कोलॅजेन नसतंच. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजेनची वेणी पक्की वळता येत नाही हे खरं, पण आहारातून ते पुरेसं मिळत असेल तर वेगळी गोळी कशाला? कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं, म्हणून दिवसाच्या प्रथिनांच्या हिशेबात ते पूर्ण प्रथिन म्हणून धरू नका. आणि कोलॅजेनची क्रीम त्वचेवर ओलावा धरते, पण एवढा मोठा रेणू आत शिरून तुमच्या कोलॅजेनची भर घालत नाही.

माझं मत विचाराल तर त्वचेसाठी एकाच स्रोताचं, बिनासुगंधी पेप्टाइड घ्यावं आणि दोन-तीन महिने देऊन बघावं. फार आशा मात्र ठेवू नये, कारण यातल्या बऱ्याच चाचण्यांना उत्पादक कंपन्यांचाच पैसा आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी मी आधी अनडिनेचर्ड निवडेन, सहा महिन्यांच्या बोलीवर. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पेप्टाइड गरम कॉफीत घातले तरी चालतात, ते आधीच उसवलेले असतात. अनडिनेचर्डची कॅप्सूल उघडून गरम पेयात टाकली, तर ज्या वेणीसाठी पैसे मोजले तीच कपात सुटते. ती साध्या पाण्याबरोबर गिळा.