टायमिंग बेल्टला मुदत असते, टायमिंग चेनला ऑइल लागतं

‘एक लाख किलोमीटर झाले ना? मग टायमिंग चेन बदलूनच टाका.’ हा सल्ला नाशकात द्वारकेपासून अंबडपर्यंत कुठेही फुकट मिळतो. त्याच्याच शेजारी दुसरा उभा असतो: ‘चेन आहे, आता गाडी विकेपर्यंत बघायला नको.’ एक खर्चात पाडतो, दुसरा इंजिनच्या कामात. दोघांचा घोळ मात्र एकच आहे. बेल्टचा हिशोब डोक्यात ठेवून ते चेनकडे बघतात. इंजिनातल्या पिस्टनचा आणि हवा आत-बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हचा मेळ राखायचं काम काही गाड्यांत पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट करतो, काहींत साखळी म्हणजे टायमिंग चेन.

आधी बेल्ट, थोडक्यात. रबराचा, बहुतेक गाड्यांत कोरडा, इंजिनच्या बाहेर प्लास्टिकच्या कव्हरखाली. मॅन्युअलमध्ये लिहिलेले किलोमीटर किंवा वर्षं भरली की टेन्शनर (ताण देणारा भाग) आणि आयडलर (पट्ट्याला वाट देणारं चाक) यांच्यासकट बदलायचा. गाडी दारात उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं, आणि तुटण्याआधी तो बहुतेक वेळा चूं करत नाही. म्हणून तारीख पाळायची, विषय संपला. (फॅन बेल्ट हा तिसराच प्राणी. तो बाहेर दिसतो, अल्टरनेटर फिरवतो. त्याच्या चरचरीला ‘टायमिंगचा आवाज’ म्हणणं आता थांबवा.)

आपल्या गाडीत काय आहे, हे गाडीच्या नावावरून ठरवू नका. अल्टो ८०० बेल्टवर, अल्टो के१० चेनवर. आय टेनमध्ये १.१ चं इंजिन बेल्टवर, तर १.२ चं ‘कप्पा’ नावाचं इंजिन चेनवर. स्विफ्ट डिझेलचं १.३ मल्टिजेटही चेनवरच. काम दोन्हींचं एकच: क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी. तो मेळ सुटला की बहुतेक छोट्या इंजिनांत पिस्टन वर येऊन वॉल्व्हला धडकतो. वॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं.

आता खरा फरक. चेन इंजिनच्या पोटात, ऑइलमध्ये फिरते. तिला ताण देणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. प्रेशर आलं की आतला दांडा पुढे सरकतो, प्लास्टिकचा गाइड चेनवर दाबतो आणि चेन घट्ट राहते. म्हणजे चेनला वंगण देणारंही ऑइल आणि ताण देणारंही ऑइल. ऑइल कमी, घाण किंवा चुकीचं असेल तर तिचे दोन्ही आधार एकदम जातात. चेन लांबते ती लोखंड ताणलं जाऊन नव्हे. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश केसाहून कमी झिजतात, पण शंभराच्या आसपास सांध्यांची ती झीज एकत्र झाली की कॅम मागे पडायला लागतो. डिझेलमध्ये काजळी ऑइलमध्ये उतरते आणि सांध्यांना घासत राहते, म्हणून तिथे हे लवकर होतं.

त्यामुळे चेनच्या बाबतीत ओडोमीटर अर्धंच सांगतो. दर आठवड्याला कसारा घाट उतरून मुंबईला जाणारी, ऑइल वेळेवर बदललेली दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी मी डोळे मिटून घेईन. गंगापूर रोडवर मुलांना शाळेत सोडून परत येणारी चाळीस हजार किलोमीटरची गाडी घेताना मात्र दहादा विचार करेन. तिचं ऑइल कधी नीट तापतच नाही, त्यात पेट्रोल आणि ओलावा साठतो. निफाड, दिंडोरीच्या बागायतदारांचंही तेच. हिवाळ्यात पहाटे गार इंजिन चालू करायचं, घरापासून बागेपर्यंत धुळीतून जायचं, बंद करायचं. ‘यंदा गाडी चाललीच नाही, ऑइल कशाला बदलू?’ असं नेमकी हीच मंडळी म्हणतात. मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या पुढे ‘किंवा’ लिहून महिने दिलेले असतात, ते यांच्यासाठीच. धुळीच्या आणि छोट्या फेऱ्यांच्या वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ताही बहुतेक मॅन्युअलमध्ये असतो. आपण बहुतेक जण त्याच तक्त्यात बसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे जाड ऑइल. ‘आपल्याकडे ऊन फार, २०डब्ल्यू५० टाका, आवाज बसेल.’ हे आकडे ऑइल किती जाड-पातळ ते सांगतात. ज्या इंजिनला पातळ ०डब्ल्यू२० किंवा ५डब्ल्यू३० सांगितलंय, त्यात हे जाड ऑइल ओतलं तर सकाळी टेन्शनरपर्यंत पोहोचायलाच त्याला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चेन सैल फिरते. दुसरा अपराधी स्वस्तातला फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये रात्रभर ऑइल खाली उतरू नये म्हणून एक रबरी झडप असते. ती निकामी असली की रोज सकाळी रिकाम्या वाटेने सुरुवात. फिल्टरमध्ये शे-दोनशे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. महिन्यातून एकदा सपाट जागेवर डिपस्टिक बघा. सर्व्हिस सेंटरवर सोडून देण्याइतकं ते अवघड नाही.

चेनचं एक बरं आहे, ती बोलते. गार इंजिन चालू करताच पुढच्या बाजूने, म्हणजे कव्हरच्या आतून, खडखड येते. सेकंदभर येऊन थांबली तर नोंद ठेवा. रोज वाढत गेली, किंवा इंजिन तापल्यावरही राहिली तर ऑइल तपासून गाडी उघडायला द्या. चेक इंजिनचा दिवा लागला आणि गॅरेजच्या स्कॅनरवर पी००१६ हा दोषाचा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकतोय. सेन्सर, वायरिंग, ऑइल आधी बघायचं, मग चेन. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ नाही, तिथेच इंजिन बंद.

चेन सरसकट श्रेष्ठ, हेही खरं नाही. फोक्सवॅगनने १.२ टीएसआय या पेट्रोल इंजिनच्या पुढच्या पिढीत चेन सोडून बेल्ट घेतला. मला स्वतःला चेनच आवडते, पण ज्याला ऑइलची पावती सांभाळणं जमत नाही त्याने खुशाल बेल्टची गाडी घ्यावी.

आणि चेन खरंच बदलायची वेळ आली, तर टेन्शनर आणि गाइड सोबत नवेच घाला, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चाकांचे) दात झिजले असतील तर तेही. बराचसा खर्च इंजिन उघडण्या-बसवण्याचाच असतो. जुना टेन्शनर ‘चालेल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून चावी परत घ्या.