केंद्रस्तरीय शिक्षण परिषद

केंद्रस्तरीय शिक्षण परिषद : महाराष्ट्रातील एका केंद्रातल्या प्राथमिक शाळांचे शिक्षक साधारणपणे महिन्यातून एकदा एकत्र जमून अध्यापनाविषयी विचारविनिमय करतात, ती बैठक. जुने शिक्षक तिला अजूनही ‘गटसंमेलन’ किंवा ‘केंद्रसंमेलन’ म्हणतात. जवळपासच्या दहाएक शाळा मिळून एक केंद्र होते. 1994 मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाल्यावर या बैठकांना निश्चित चौकट मिळाली. यजमान शाळा बहुधा आळीपाळीने बदलते.

परिषदेचा खरा जीव नमुना पाठात असतो. यजमान शाळेच्या मुलांसमोर एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे मागे बसून पाहतात आणि मुले गेल्यावर चर्चा होते. दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ ऐकून मूल 52 लिहिते, ही नेहमीची अडचण. मराठीत एकक आधी उच्चारतात आणि दशक आधी लिहितात; ‘एकोणतीस’मध्ये तर कानावर तीस पडते आणि लिहायचे असतात 29. मुलाचा हा गोंधळ आळसातून आलेला नाही, हे चारचौघांनी आपापल्या वर्गातले अनुभव सांगितले की लगेच उमगते. मग कोणी दशकाचे दांडे आणि सुटे मांडून दाखवते, कोणी शंभर मण्यांची माळ.

द्विशिक्षकी शाळांना याची गरज सर्वांत अधिक. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक असतात. दोघांकडे चार-पाच इयत्ता असल्या की एकमेकांचा पाठ पाहायला सवड कुठून मिळणार? वाडीवस्तीवरच्या अशा शिक्षकाला आपल्याच इयत्तेला शिकवणारा दुसरा कोणी भेटतो तो बहुधा परिषदेतच. म्हणून तिथला वेळ पत्रके भरण्यात आणि सूचना ऐकण्यात जातो, तेव्हा नुकसान मोठे होते.

केंद्राच्या वरचा टप्पा बीटाचा; काही केंद्रे मिळून एक बीट होते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलाने स्वतः कृती करत आपले ज्ञान घडवण्याची पद्धत, रुजवली. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला त्या सुमारास राज्यभरातले शिक्षक हे वर्ग पाहायला येत. परतल्यावर अनेकांनी शाळेच्या फरशीवर तक्ते रंगवून घेतले. रंगवलेली फरशी चटकन उचलता येते. मूल त्या तक्त्यावर काय करते आणि शिक्षकाने मध्ये केव्हा बोलायचे, हे मात्र सहकाऱ्यांसोबत पुन्हापुन्हा वर्गात बसूनच कळते.