नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्क आले कसे?

मूलभूत हक्क किती, असं घरात विचारून पाहा. आजोबा सात सांगतील आणि सातवीतली नात सहा. दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच असतात, कारण १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. पण या विषयात बदललेली गोष्ट एवढी एकच नाही.

शाळेतलं नागरिकशास्त्र जन्मलं ब्रिटिश अमदानीत. राजनिष्ठा पातळ होत चालल्याचं दिसू लागलं, तेव्हा चांगली रयत घडवायला हा विषय आला. आज्ञापालन आणि निष्ठा हाच त्याचा गाभा होता. हे कुणा टीकाकाराचं मत नाही. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच तसं म्हटलं आहे. त्यानंतर एनसीईआरटीने सहावी ते आठवीच्या पुस्तकांचं नाव बदलून 'सामाजिक आणि राजकीय जीवन' केलं. बालभारतीने आठवीपर्यंत जुनंच नाव ठेवलं, नववी-दहावीला मात्र 'राज्यशास्त्र' आणलं.

हक्कांची भाषा इंग्रजी राजवटीत बोलली जात होती ती वर्गाबाहेर, आणि बहुतेकदा वर्गात शिरण्याच्याच हक्कासाठी. १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. कर भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या वर्गातली मुलं, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२मध्ये नामंजूर झालं. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळा बसत असे. नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. शिपाई नसला की पाणी नाही. त्याच भीमरावांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने पुढे घटनेचा मसुदा तयार केला. 'अस्पृश्यता कोणत्या कलमाने नष्ट झाली?' याचं उत्तर मुलं आता एका वाक्यात लिहितात. सतरा. एक गुण.

स्वातंत्र्यानंतर हक्क धड्यात आले, पण मुलांच्या तोंडी बसली ती प्रतिज्ञा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२मध्ये तेलुगूत लिहिली आणि १९६५पासून ती देशभर शाळांत म्हटली जाऊ लागली. तिच्यात प्रेम, मान, सौजन्य, निष्ठा सगळं आहे. हक्क हा शब्द नाही. (आणि 'पाईक' म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.) १९७६मध्ये, आणीबाणीत, ४२व्या दुरुस्तीने दहा मूलभूत कर्तव्यं घटनेत घातली. बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती आजही छापलेली असतात. हक्कांसाठी पानं उलटून धड्यापर्यंत जावं लागतं. हा क्रम मला कायम खटकत आला आहे.

मूल मोठं झाल्यावर नागरिक होणार, ही समजूत ढिली व्हायला आणखी वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा; भारताने तो १९९२मध्ये स्वीकारला. २००२च्या ८६व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच फटक्यात पालकांसाठी अकरावं कर्तव्यही जोडलं. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. छडी हातात धरून नागरिकशास्त्र शिकवणं आता बेकायदेशीर आहे.

घटनेच्या उद्देशिकेची, म्हणजे प्रस्तावनेची, वाट निराळी. ती शाळेच्या मैदानावर आली नागपूरहून. २००५मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू केलं. राज्याने २००८मध्ये २६ नोव्हेंबरला संविधान दिन पाळायचं ठरवलं, केंद्राने २०१५मध्ये. २६ जानेवारी २०२०पासून परिपाठात उद्देशिका वाचण्याचे आदेश राज्यभर निघाले. पहिली-दुसरीतली मुलं 'अधिनियमित'वर हमखास अडखळतात. 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' मात्र खणखणीत येतं, कारण तिथे संपतं.