पार्श्वभूमी : ‘एकही मनोरुग्ण नाही’ असा दाखला मागणारे कलम १०३

कैद्यांच्या मानसिक आजाराचा प्रश्न न्यायालयात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९८२मध्ये. हजारीबागच्या मध्यवर्ती कारागृहात १६ मनोरुग्ण बंदी कित्येक वर्षे खितपत पडले होते. काही जण बरे होऊनही आतच होते. एका स्थानिक समितीचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतले. पुढे १९९३मध्ये, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणेच बेकायदा ठरले. दोन्ही निकाल महत्त्वाचे, पण सुटकेचे. जो आतच राहणार त्याच्या औषधपाण्याचे काय, हे बाकीच राहिले.

उत्तर आले २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३मध्ये, आणि घोळही तिथलाच. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र हवे, असे पोटकलम ६ सांगते. तुरुंगात मनोरुग्ण कक्ष असेल तर बंद्याला तिथे हलवले तरी चालते; नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या (याच कायद्याखालच्या देखरेख मंडळाच्या) पूर्वपरवानगीने बाहेरच्या उपचार केंद्रात पाठवता येते. पोटकलम ३ मात्र वेगळेच मागते : तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मंडळाला लिहून द्यायचे, की इथे एकही मनोरुग्ण बंदी नाही. किती आहेत ते विचारलेलेच नाही! असेल तर ‘त्याला का ठेवला?’ असा जाब मंडळ विचारू शकते. रुग्ण लपून राहू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण याच कायद्याच्या व्याख्येत दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. ती व्याख्या धरली तर मोठ्या तुरुंगातला कोणता डॉक्टर हा दाखला प्रामाणिकपणे देईल? मग केसपेपरवर ‘झोप येत नाही’ एवढेच लिहून गोळी देणे सोपे पडते.

याची किंमत वकिलाला, बंद्याला उपचारासाठी हलवण्याचा अर्ज करताना कळते. निदानच नोंदलेले नसेल तर अर्ज लंगडा पडतो. म्हणून आधी याच कायद्याच्या कलम २५खाली वैद्यकीय नोंदी मागाव्यात. मोफत वकिलाचा हक्क कलम २७मध्ये आहे. आदेश कुणाकडे मागायचा, ते दार चुकू नये. खटला चालवण्याइतकी मानसिक स्थिती नसलेल्या कच्च्या कैद्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३३०, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ३६९). शिक्षा झालेल्यासाठी १९००च्या कैद्यांविषयीच्या कायद्याच्या (प्रिझनर्स अ‍ॅक्ट) कलम ३०खाली राज्य सरकारचा. आदेश हाती आला, तरी पोलीस गार्ड मिळाला नाही की रुग्णालयाची तारीख हुकतेच.

फाशीच्या शिक्षेत हा मुद्दा २०१४मध्ये शिरला : दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही मानसिक आजार शिक्षा कमी करण्याचे कारण ठरला. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्या एका पुनर्विलोकन याचिकेत, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही विचारात घेतला गेला. ‘गंभीर’ म्हणजे साधारणपणे स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजार. ते सिद्ध करण्याचा भार मात्र आरोपीवर. न्यायालयाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली आणि २०१७च्या कायद्याखालच्या त्याच्या हक्कांचा विचार करायला राज्य सरकारला सांगितले.