लाकडी सबफ्लोअरची पूर्वतयारी

बांबूचे किंवा कठीण लाकडाचे फ्लोअरिंग बसवण्याआधी त्याखालचा लाकडी थर कोरडा, घट्ट आणि सपाट करून घेण्याचे काम. हा थर म्हणजेच सबफ्लोअर. तो तुळयांवर ठोकलेल्या प्लायवूडच्या किंवा ओएसबीच्या (लाकडाच्या चपट्या कपच्या गोंदाने दाबून केलेल्या) तक्त्यांचा असतो. जुन्या घरांत साध्या फळ्यांचाही आढळतो. फ्लोअरिंग बसले की तो कायमचा झाकला जातो, त्यामुळे घाई नेमकी याच टप्प्यावर होते. करकरणाऱ्या, फुगलेल्या किंवा चिरा पडलेल्या जमिनीचे कारण शोधू गेल्यास ते बहुतेकदा खालच्या थरातच सापडते.

त्यातही पहिला विचार ओलाव्याचा. लाकूड आणि बांबू हवेतला ओलावा शोषतात व सोडतात. त्यामुळे पट्टीच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत मात्र चांगलाच पडतो. २० अंश सेल्सियस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीत लाकूड सुमारे ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. सबफ्लोअर त्याहून बराच ओला असेल तर पट्टीची खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते, कडा उचलल्या जातात आणि मध्ये खोलगट भाग तयार होतो. अशा वेळी वरून घासून जमीन सपाट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पुढे पट्टी सुकते तेव्हा घासलेल्या कडा खाली जातात आणि मधला भाग उंचवट्यासारखा वर राहतो. आधी ओल कुठून येते ते शोधायचे, मग वाट पाहायची, हाच खरा उपाय.

सबफ्लोअरचा ओलावा १२ टक्क्यांहून जास्त नसावा. सबफ्लोअर आणि पट्टी यांच्या ओलाव्यातले अंतर ७५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी ४ आणि त्याहून रुंद पट्ट्यांसाठी २ टक्क्यांच्या आत ठेवतात. ओलावामापकाने एकाच जागी मोजून भागत नाही. बाहेरच्या भिंतींलगत, न्हाणीघराच्या बाजूला, पाण्याच्या नळांजवळ मुद्दाम मोजावे. लाकडाच्या जातीनुसार मापकाचा आकडा दुरुस्त करावा लागतो आणि बांबूसाठी ही दुरुस्ती वेगळी असते. जमिनीखाली उघडी माती असल्यास तिच्यावर सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथीनचा कागद, सांधे एकमेकांवर चढवून, अंथरतात.

गिलावा, टाइल, रंग अशी ओली कामे संपून सुकल्यावरच फ्लोअरिंग घरात आणावे आणि खोलीत मुरू द्यावे, म्हणजे त्याचा ओलावा खोलीच्या हवेशी जुळू द्यावा. किती दिवस, हे मापकावरून ठरवावे, दिनदर्शिकेवरून नव्हे. बांबूचे धागे दाबून केलेल्या घट्ट पट्ट्या अतिशय दाट असल्याने मुरायला अधिक वेळ घेतात.

करकर म्हणजे बहुधा खिळ्याची त्याच्या भोकातली घसट. तक्ता तुळईपासून किंचित सुटलेला असतो आणि पाऊल पडताच खालीवर होतो. सगळ्या खोलीभर चालून, आवाज येईल तिथे खडूने खूण करून, तुळईत स्क्रू पिळावेत. डोकी पृष्ठभागाच्या खाली बसवावीत. कुजलेला तक्ता बदलावाच. तुळयांमध्ये सुमारे ४० सेंटिमीटर अंतर असेल तर किमान १६ मिलिमीटर, सुमारे ४९ सेंटिमीटरपर्यंत १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड लागते. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेला तक्ता, खिळा धरत नाही. पट्ट्या तुळयांना काटकोनात जाव्यात. तुळयांना समांतर घालायच्या असतील तर आधी सुमारे १२ मिलिमीटर प्लायवूडचा आणखी एक थर ठोकावा.

सपाट आणि समपातळीत हे दोन वेगळे गुण आहेत. थोडा एकसारखा उतार लाकडी जमिनीला चालतो, खड्डे आणि उंचवटे चालत नाहीत. म्हणून इथे पाणसळीपेक्षा लांब सरळ पट्टी उपयोगी: ३ मीटर अंतरात ५ मिलिमीटर किंवा १.८ मीटर अंतरात ३ मिलिमीटर, याहून अधिक फरक नको. उंचवटे बहुधा सांध्यांवर असतात, कारण बांधकामात भिजलेल्या तक्त्यांच्या कडाच आधी फुगतात. त्या घासून किंवा रंधून उतरवतात. खोल जागी लांबी (पुट्टी) भरण्याची पद्धत आहे, पण खिळ्यांनी ठोकायच्या फ्लोअरिंगखाली ती तडकते, भुगा होतो आणि खिळा सैल पडतो. तिथे डांबरी कागदाचे थर किंवा प्लायवूडचे पातळ तुकडे बरे. तुळईच वाकली असेल तर आधी तिला आधार द्यावा; भराव घालून दोष फक्त झाकला जातो, वर वजन वाढते ते वेगळेच.

जुने लिनोलियम, जुना गोंद किंवा रंग खरवडण्याआधी त्यांची तपासणी करून घ्यावी. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस किंवा शिसे असू शकते आणि घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांत जाते. फ्लोअरिंग गोंदाने चिकटवायचे असल्यास मेण, रंग, तेलाचा अंशही उरू देत नाहीत. ठोकायचे असल्यास झाडून, व्हॅक्यूम करून वर डांबरी कागद पसरतात. त्यानंतर भिंतींच्या कडेने प्रसरणासाठी सोडायच्या जागेची रेघ मारतात आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावतात.